निर्माल्याच्या खड्ड्यातलं कापड

अनंत चतुर्दशी सरते, पाऊस निघायच्या तयारीला लागतो आणि मुंबईत तो चिकट, बिनवाऱ्याचा उकाडा सुरू होतो. अशा दिवसांत मी अजूनही चाळीच्या मागे जाऊन खड्ड्यात हात घालतो. वरचा थर थंड, ओलसर असतो. मनगट आत गेलं की कोमट लागतं. कोपरापर्यंत गेलं की हात झटकन मागे घ्यावा लागतो. झेंडू, दूर्वा, केळीची पानं, नारळाच्या शेंड्या, एवढंच तर आत असतं. कुणी विस्तव ठेवलेला नसतो, तरी चटका बसतो. तीन वर्षं झाली, पण मला या चटक्याची सवय होत नाही. दर वेळी मी दचकतो आणि दर वेळी ती दिवाळी आठवते, जिच्या आधी मी माझ्या आईचं कापड या खड्ड्याला खायला घातलं.

आम्ही घोडपदेवला राहतो. चाळीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशेजारी विटांचे दोन हौद बांधलेत, त्यांनाच सगळे खड्डा म्हणतात. हे खूळ माझंच. गणपतीनंतर खोल्याखोल्यांतून निघणारं निर्माल्य पिशव्यांत भरून समुद्राकडे न्यायचं, हे मला बघवेना. कमिटीशी भांडून मी हौद बांधून घेतले आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली. प्लास्टिक नको, थर्माकोल नको, जरी नको, सुती असेल तरच टाका. ज्यांनी पिशवीसकट निर्माल्य टाकलं, त्यांना मी गॅलरीतून नावानिशी हाका मारून परत बोलावलेलं आहे. माझी बायको म्हणायची, ऑफिसात तुम्ही एवढं तोंड उघडत नाही. खरंच होतं ते. विमा कंपनीत पस्तीस वर्षं मी मान खाली घालून काम केलं आणि सगळा अधिकार या कचऱ्यावर गाजवला.

तन्वी ही माझ्या बहिणीची मुलगी. त्या वर्षी ती सूक्ष्मजीवांवर संशोधन करत होती आणि दर रविवारी हातभर लांबीचा थर्मामीटर आणि छोट्या नळ्या घेऊन यायची. एरवी जी पोरगी लग्नाच्या हॉलमध्ये नाकाला रुमाल लावते, ती आमच्या हौदात वाकून वास घ्यायची. पहिल्यांदा तिने थर्मामीटर खुपसून मला आकडा दाखवला, तेव्हा साठावर काटा होता. मला वाटलं यंत्र बिघडलंय. साठ अंशांत आपण आंघोळ केली तर कातडी सोलून निघेल. तन्वी म्हणाली, मामा, आतल्या जंतूंना हे आवडतं. चाळीसपर्यंत उतरलं तर ते गारठतात. मी हसलो, पण मनातून चरकलो. आपण ज्या गोष्टीला सडणं म्हणतो, त्यात कुणाला तरी आवडनिवड असेल, हे मी कधी धरलंच नव्हतं.

आता त्या कापडाबद्दल सांगायला हवं. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. बाबा चार साचे चालवायचे. संपाच्या आधीच्या वर्षी त्यांनी आपल्या साच्यावरचा एक तुकडा सवलतीत घेऊन घरी आणला होता, साधं पांढरं सुती कापड, नऊवारीहून थोडं आखूड. त्यानंतर गिरणी थांबली ती थांबलीच. पुढे बाबा गावी, कुडाळजवळ, शेतात राबायला गेले आणि फक्त गणपतीला मुंबईत यायचे. सगळी मुंबई कोकणात जायची तेव्हा माझे बाबा रिकाम्या एसटीने उलटे यायचे, कारण गावचा गणपती काकांकडे आणि आमचा या खोलीत. एका वर्षी मात्र ते आलेच नाहीत. निरोप आला तो सगळं आटोपल्यावर. आईला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही.

आईकडे उरलं ते कापड. वर्षभर ते ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात असायचं आणि गणपतीत पाटावर अंथरलं जायचं. विसर्जनानंतर आई स्वतः त्यावरची फुलं, अक्षता झटकायची, हाताने धुवायची, सावलीत वाळवायची आणि परत घडी करायची. मी कॉलेजात होतो तेव्हाच तिने आम्हा दोघा भावंडांना बसवून सांगितलं होतं की ती गेली की माहेरची साडी कुणी आणो न आणो, वर हे कापड घालायचं. हे ती असं बोलायची, जसं कुणी सांगतं की गॅस बंद केला का बघ. मी विषय बदलायचो. पण आमच्या घरात सगळ्यांना हे पाठ होतं. तिचं दुसरं काही मागणंच नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून गणपतीचं सगळं मी केलं. विसर्जनाच्या दुपारी मूर्ती हलली. पाटावर फुलांचा ढीग, पत्री, विड्याची पानं, हळदकुंकू, अक्षता. खाली पोरं ताशा बडवत होती, कमिटीचा माणूस दारात घाई करत होता आणि खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी पुन्हा प्लास्टिकची पिशवी आणलेली मला वरून दिसत होती. मी पाटावरच्या कापडाची चार टोकं धरली, वर उचलली आणि गाठ मारली. सुटसुटीत गाठोडं झालं. खाली जाऊन सगळ्यांना दिसेल असं ते हौदात टाकलं आणि वर भाषणही ठोकलं, असं आणायचं, सुती कापडात. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मग तो उकाडा आला. पितृपक्षातले ते दिवस, जेव्हा दुपारी गॅलरीतल्या दोरीवरचे कपडेही हलत नाहीत. माझी पाठ धरली होती, म्हणून मी खड्डा वरखाली केला नाही. एरवी आठवड्याला फावड्याने हलवायचो, म्हणजे आत हवा खेळते. त्या वर्षी सगळं निर्माल्य तसंच दाबून बसलं, ओलं आणि गच्च. आंबूस वास यायला लागला, थोडा ताडीसारखा, थोडा गोठ्यासारखा. लोक कुरकुरायला लागले आणि तन्वी मात्र खूश. तिला जे जंतू हवे होते ते म्हणे हवा न पोचलेल्या जागीच वाढतात. तिच्या नळ्यांवर ती आमच्या चाळीचं नाव लिहायची.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आईने पोटमाळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली. कपड्यांना ऊन दाखवायचं होतं. मी शिडीवर चढलो, कडीला हात घातला, आणि तिथेच, शिडीवर, मला ती चार टोकं दिसली. माझ्याच मुठीत. खाली कसा उतरलो ते आठवत नाही. आईला म्हणालो, कडी अडकलीय, तेल आणतो. आणि फावडं घेऊन मागे धावलो.

तन्वी आलेलीच होती. मी काही न बोलता खणायला लागलो. वाफ तोंडावर आली. वरचा झेंडू अजून ओळखू येत होता, त्याखाली सगळं काळं, मऊ, एकजीव. माझ्या मनात एकच होतं, की मळलं असेल, डाग पडले असतील, फाटलं असेल, पण असेल. महिना-दीड महिना म्हणजे काय. कापड आहे ते. सदरा दहा वर्षं टिकतो.

मग फावड्याला दोरा अडकला. पांढरा, लांब. मी ओढला तर तो येतच राहिला. वळला, कोपरा झाला, परत सरळ गेला. कापडाच्या चारही कडांना आईने कधीतरी टीप घातली होती, ती टीप होती ती. सबंध. मध्ये कापड नव्हतं. चिंधीसुद्धा नव्हती. दोऱ्याची रिकामी चौकट माझ्या दोन्ही हातांतून लोंबत होती आणि मी तिच्यातून पलीकडची टाकी बघत होतो.

"मामा, हे बघ ना," तन्वी म्हणाली, "दोरा टेरेलीनचा म्हणून राहिला. कॉटन पूर्ण खाल्लं त्यांनी. पूर्ण." तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं की हे आजीचं कापड आहे. ती फतकल मारून त्या चिखलातच बसली.

मी तिला चिडून विचारलं की कसं शक्य आहे हे. जणू तिनेच केलं होतं. ती हळू आवाजात सांगत राहिली आणि मी ऐकत राहिलो, कारण वर जायची माझी हिंमत नव्हती. ती म्हणाली, कापूस म्हणजे साखरच असते, पण साखरेचे कण एकाला एक जोडून इतकी लांब आणि घट्ट माळ झालेली असते की आपल्या पोटाला ती सुटत नाही. गाईलाही सुटत नाही. गाय गवत खाते असं आपण म्हणतो, पण तिच्या पोटातले जंतू ते खातात आणि गाय त्यांच्यावर जगते. हे ऐकूनही मला धक्का बसला. इतकी वर्षं मी गाईला फुकटचं श्रेय देत होतो.

त्या दिवशी मी नवं कापड आणायचं ठरवलं. दादरला तीन दुकानं पालथी घातली. दुकानदार सुती म्हणून जे दाखवायचे त्यात अर्धं पॉलिस्टर असायचं, आणि मी ते चुरगाळून, वास घेऊन परत करायचो. ज्या शहराने सगळ्या देशाला धोतरं नेसवली तिथे शुद्ध सुती कापडाचा एक तुकडा मिळायला मला संध्याकाळ झाली. बाहेर फुटपाथवर बायका देवाच्या वाती विकत बसल्या होत्या, कापसाचे पांढरे ढीग घेऊन. आता आमच्या भागात कापूस तेवढाच दिसतो. मला तो बघवेना.

पुढचे चार दिवस मी जे केलं त्याची मला लाज वाटते. आई फिजिओथेरपीला गेली की मी ते कापड धुवायचो. खळ निघेपर्यंत धुतलं. मग जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलं. बायकोने कडांना टीप घालून दिली आणि म्हणाली, मला यात धरू नका. कडुनिंबाच्या पाल्यात घालून मी ते ट्रंकेत ठेवलं. चौपन्न वर्षांचा माणूस, ज्याने लोकांना एका पिशवीसाठी चारचौघांत झापलं, तो आईची फसवणूक चहात भिजवत होता.

आईने ट्रंक उघडली ती धनत्रयोदशीच्या सकाळी. मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं. तिने कापड मांडीवर घेतलं, त्याच्यावरून तळहात फिरवला, एकदा सरळ आणि एकदा आडवा, आणि परत घडी घातली. ठेव म्हणाली. मी सुटलो. त्या दिवशी मी चकल्याही तळायला बसलो, इतका हलका झालो होतो.

भाऊबीजेला बहीण आणि तन्वी आल्या. दुपारची जेवणं झाली, बहीण आणि बायको स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. आई खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिने सहज तन्वीला विचारलं, "काय करतंस गो तू थंय?" आजवर तिने हे कधी विचारलं नव्हतं. तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पाटाची रांगोळी पुसून त्या जागी बोटाने चित्र काढलं.

तिने सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. कापूस खाणारा तो जीव एवढा लहान आणि कापसाचा धागा त्याच्यापुढे एवढा अवाढव्य, की तोंडात घालणं शक्यच नाही. म्हणून तो पचवायची हत्यारं शरीराबाहेर काढतो. पण ती मोकळी सोडत नाही, नाहीतर वाहून जातील. आधी तो एक लांब दांडी बनवतो आणि स्वतःच्या अंगाला बाहेरून बसवतो. दांडीला ओळीने खाचा असतात. मग एकेक हत्यार येतं, त्याच्या बुडाला त्या खाचेत बसेल असा खुंटा असतो, आणि ते खटकन जागेवर बसतं. एक धाग्याला घट्ट पकडून ठेवतं. एक मध्येच कात्री चालवतं. एक तुटलेल्या टोकापासून सुरू करून साखरेचे दोन-दोन कण तोडत पुढे सरकतं. सगळी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, एकाच ठिकाणी. सुटी सुटी असती तर जे त्यांना जमलं नसतं, ते अशी बसली की होतं. आणि समोर कापूस आहे, लाकूड आहे की पाला, त्याप्रमाणे कुठली हत्यारं जास्त बसवायची हेही बदलतं.

त्याला डोळे नाहीत, डोकं नाही, आणि तरी समोर काय आहे ते ओळखून तो हत्यारं निवडतो. मी आ वासून ऐकत होतो. आमच्या टाकीमागे, आमच्या उष्ट्या फुलांत, एवढी मोठी जुळणी चालते आणि मी वर उभा राहून पिशव्यांवरून आरडाओरडा करत होतो.

आई चित्राकडे बराच वेळ बघत होती. तिने गिरणीत कधी काम केलं नव्हतं, पण वीस वर्षं डबा पोचवला होता. प्रत्येक खात्यातला आवाज तिला ठाऊक होता.

"म्हंजे साचेखात्याच्या उलटा काम," ती म्हणाली. तन्वी म्हणाली, हो आजी, अगदी तसंच. मग आई म्हणाली, "सुती कापड खाऊक तेंका किती दिवस लागतत?"

तन्वीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं, आता नाही बोललो तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही. मी सगळं सांगितलं. चार टोकं, गाठोडं, खड्डा, दोरा, दादर, चहा. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. ती रडेल, निदान हात उगारेल अशी माझी अपेक्षा होती. तिचं एकच मागणं होतं आणि ते मी दीड महिन्यात संपवलं होतं.

"माका म्हायत असा," आई म्हणाली. "हात लावलंय तेव्हाच कळला."

मी तिला विचारलं की मग बोलली का नाहीस. तिने पदराने तोंड पुसलं आणि मान वळवून खिडकीकडे बघत सांगायला लागली. संपाचं दुसरं वर्ष होतं. बाबा गावी होते, घरात तांदूळ नव्हता. बाबांनी विणलेलं ते कापड तिने कोपऱ्यावरच्या वाण्याच्या बायकोला दिलं आणि तांदूळ आणला. चार महिन्यांनी शर्टांच्या कारखान्याचं शिवण तिला घरी मिळायला लागलं. तेव्हा तिने फुटपाथवरून तसंच दिसणारं कापड घेतलं, कारखान्याच्या दोऱ्याने त्याला टीप घातली आणि ट्रंकेत ठेवलं. गणपतीला बाबा यायचे होते. त्यांना कळू नये एवढीच तिची धडपड होती. मी जे खड्ड्यात घातलं ते बाबांचं कापड नव्हतंच. ते तिने आणलेलं होतं.

चाळीस वर्षं आम्ही ज्याला बाबांच्या हातचं म्हणून हात जोडत होतो, ज्याच्यासाठी मी दीड आठवडा चोरासारखा वावरलो, ते फुटपाथवरचं निघालं. एक क्षण मला सुटल्यासारखंही झालं, हे कबूल करतो. मी तिला म्हणालो, मग आई, एवढं मोठं काही गेलं नाही म्हणायचं.

ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली ती तेव्हा. म्हणाली की तुझे बाबा साचेवाले होते, त्यांना आपलं कापड अंधारातही ओळखू आलं असतं. गणपतीला आले, ट्रंक त्यांनीच उघडली, पाटावर कापड त्यांनीच अंथरलं. त्याच्यावरून त्यांनी हात फिरवला आणि ते थांबले. ती चुलीपाशी उभी होती, तिने बघितलं. तिला कळलं की त्यांना कळलंय. त्यांनी मान वर केली नाही. हाताने कापड सारखं केलं आणि तिला म्हणाले, मूर्ती आण. त्यानंतर ते असेपर्यंत दर वर्षी तेच कापड अंथरत राहिले आणि त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. तिला शेवटी अंगावर जे हवं होतं ते हे होतं. बाबांनी विणलेलं नव्हे, बाबांनी न विचारलेलं.

"तेणी माका कधी विचारूक नाय," आई म्हणाली. "मी तुका कित्याक विचारू?"

मग तिने ट्रंक पुढ्यात ओढायला सांगितली, माझं चहात भिजवलेलं कापड बाहेर काढलं आणि मांडीवर ठेवलं. "आता माका ह्याच घाला," ती म्हणाली. "तू आणलंस तां."

गेल्या श्रावणात आम्ही तिला तेच घातलं.

पण त्या भाऊबीजेला मी तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसून राहिलो. तन्वी माझ्या खांद्याला धरून होती, आई आता मला सरबत करायला सांगत होती, आणि मला उठवेना. कारण ती सांगत असलेल्या त्या गणपतीला मी होतो. मी दहावीला होतो. बाबांनी कापड अंथरायला मला समोर बोलावलं होतं. त्यांनी हात फिरवला, ते थांबले, हे मी बघितलं होतं, आणि मला वाटलं होतं की ते सुरकुत्या काढतायत. म्हणून मी माझ्या बाजूने कापड ताणून धरलं. दुसरं टोक माझ्याच हातात होतं.